कोर्स बंद व्हायला १८ दिवस आणि फोनमध्ये ६०० स्क्रीनशॉट

प्रश्न : नोकरी सांभाळून गेले आठ महिने संख्याशास्त्राचा एक ऑनलाइन कोर्स करते आहे. एकूण १२ आठवड्यांचे धडे आहेत, त्यातले नऊ झाले. माझा प्रवेश बरोबर १८ दिवसांनी बंद होणार. पुढे कामात हे सगळं लागणार, म्हणून पानं साठवून ठेवायला बसले, तर एकही उपाय धड चालेना. प्रिंट देऊन पीडीएफ केली की फक्त पहिला स्क्रीनभर मजकूर येतो. कॉपी करून वर्डमध्ये टाकलं की सूत्रांचा चुराडा होतो. शेवटी फोनवर स्क्रीनशॉट काढत सुटले. आता ते ६०० झालेत आणि हवं ते एकही सापडत नाही. भाऊ म्हणतो, अख्खी साइट एका दमात उतरवणारं सॉफ्टवेअर असतं, ते लावून दे. ते खरंच चालतं का? आणि असं उतरवून घेणं ही चोरी तर नाही ना, ही धाकधूक वेगळीच. – धांदरट

उत्तर :

धांदरटताई,

आधी सही बदला. नोकरी करून नऊ आठवड्यांचं संख्याशास्त्र पचवणारी बाई धांदरट नसते. तुमचे उपाय फसले त्यात तुमचा वेंधळेपणा काही नाही, कोर्सची पानं बांधलेलीच तशी असतात.

पीडीएफचं बघू. तुम्हाला जे एक पान दिसतं ते खरं तर दोन असतात. बाहेर एक चौकट असते, तिच्यात वर कोर्सचं नाव आणि डावीकडे आठवड्यांची यादी. धडा या चौकटीच्या आत आणखी एका खिडकीत उघडलेला असतो. तुम्ही बोटाने सरकवता ती आतली खिडकी, आणि प्रिंटला जाते ती बाहेरची चौकट. त्यामुळे त्या क्षणी खिडकीतून जेवढं दिसत होतं तेवढंच कागदावर उतरतं. यावर फायरफॉक्समध्ये सोपा उपाय आहे. धड्याच्या मजकुरावर राइट क्लिक करा. यादीत ‘धिस फ्रेम’ असं काही दिसलं, तर त्यात ‘ओपन फ्रेम इन न्यू टॅब’ निवडा. नुसता धडा नव्या टॅबमध्ये उघडेल, तिथून प्रिंट द्या, सगळी पानं येतील. ‘धिस फ्रेम’ दिसलंच नाही तर आत वेगळी खिडकी नाही, त्याच पानातला सरकणारा डबा आहे असं समजा. त्याच्यावर प्रिंटची मात्रा सहसा चालत नाही.

म्हणून मी स्वतः धड्यांसाठी प्रिंटच्या वाटेला जातच नाही. सिंगलफाइल नावाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, आहे, फुकट आणि मुक्तस्रोत. फायरफॉक्स, क्रोम, एज, सगळीकडे चालतं. पान उघडं ठेवून त्याच्या चिन्हावर एकदा क्लिक केलं की मजकूर, चित्रं, मांडणी, आतल्या खिडक्या, सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या फाइलमध्ये, गुंडाळून मिळतं. ती फाइल पुढे कुठल्याही ब्राउझरमध्ये, इंटरनेट नसतानाही उघडते. ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. अशी एक्स्टेन्शनं उघड्या पानावरचं सगळं वाचू शकतात, तेव्हा मिळत्याजुळत्या नावाची भलतीच वस्तू बसवून घेऊ नका. आणि निवडायची सोय असेल तिथे परवानगी ‘क्लिक केल्यावरच’ एवढीच द्या.

साठवण्याआधी दोन कामं मात्र तुम्हालाच करावी लागतील. एक म्हणजे पान अगदी तळापर्यंत सावकाश सरकवायचं. पुष्कळ साइटवर चित्रं नजरेच्या टप्प्यात आल्यावरच उतरतात. न सरकवता साठवलं तर आकृतीच्या जागी करडा चौकोन मिळू शकतो. दुसरं म्हणजे ‘उत्तर दाखवा’, ‘अधिक वाचा’ असले मिटलेले कप्पे एकेक करून उघडायचे. सोडवलेली उदाहरणं नेमकी त्या कप्प्यांत असतात, आणि कप्पा मिटलेला असेल तर त्यातला मजकूर फाइलमध्ये येईलच असं नाही. कंटाळवाणं काम आहे, पण धड्यामागे दोन मिनिटांचं.

‘ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एस दाबलं की पान सेव्ह होतंच ना?’ असं तुम्हाला वाटलं असेल. होतं की. त्याच भरवशावर मी एकदा पुरती बुडाले आहे. एका कोर्सचे चाळीसेक धडे मी असेच साठवले होते. प्रत्येक धड्याची एक एचटीएमएल फाइल आणि शेजारी त्याच नावाचा, शेवटी ‘फाइल्स’ लावलेला एक फोल्डर. ते फोल्डर मला कचरा वाटले. नव्या संगणकावर जाताना मी फक्त चाळीस फाइली उचलल्या आणि स्वतःच्या टापटिपीवर खूश झाले. चार महिन्यांनी उघडून बघते तर मजकूर जागेवर, पण आकृती एकही नाही. चित्रं त्या फोल्डरांत होती आणि जुना संगणक तोवर पुसून दिला होता. तेव्हा कंट्रोल-एसच वापरायचं असेल तर फाइल आणि फोल्डर यांची ताटातूट करू नका. क्रोममध्ये ‘सिंगल फाइल’ असा एक प्रकार निवडता येतो, त्यात सगळं एका एमएचटीएमएल फाइलीत बसतं. पण ती क्रोम-एजमध्येच नीट उघडते, फायरफॉक्स तिला ओळखत नाही.

त्या प्रकरणापासून मी एक परीक्षा लावून घेतली आहे. धडा साठवला की वायफाय बंद करायचं आणि ती फाइल दुसऱ्याच ब्राउझरमध्ये, जिथे मी कोर्सला लॉगिन केलेलं नाही तिथे, उघडून बघायची. याला कारण आहे. अर्धवट साठवलेलं पानही तुम्ही लॉगिन असेपर्यंत चित्रं मूळ साइटवरून गुपचूप मागवून आणतं आणि अगदी संपूर्ण असल्यासारखं दिसतं. कोर्स बंद झाल्यावर त्याचं पितळ उघडं पडतं, आणि तेव्हा तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. प्रत्येक धड्याला हे करत बसू नका. एका आठवड्याचा एक धडा तपासलात तरी पुरे.

आता सूत्रं. यावर जरा थांबते, कारण तुमचा विषयच सूत्रांचा आहे. पडद्यावर दिसणारं सूत्र म्हणजे बारीक बारीक तुकडे असतात, कुठला वर, कुठला खाली, कुठला लहान अक्षरात असे जागच्या जागी बसवलेले. कॉपी करताना तुकडे येतात, जागा येत नाहीत. मग एक्सचा वर्ग ‘एक्स २’ होऊन ओळीत येऊन बसतो आणि तो घात होता की गुणक, कळायला मार्ग राहत नाही. संख्याशास्त्रात वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग यांत जमीनअस्मानाचा फरक. वर्डमध्ये दोन्ही सारखेच दिसायला लागले तर त्या टिपणापेक्षा कोरा कागद बरा. कारण कोरा कागद निदान फसवत तरी नाही.

कोर्सच्या सूत्रावर थेट राइट क्लिक करून बघा. पुष्कळ साइट सूत्रं दाखवायला मॅथजॅक्स वापरतात. तुमचीही वापरत असेल तर नेहमीच्या यादीऐवजी एक वेगळी छोटी यादी उघडेल. तिच्यात ‘शो मॅथ ॲज’ आणि त्यात ‘टेक कमांड्स’ असा पर्याय असतो. तो निवडलात की सूत्र मुळात जसं टाइप केलं होतं तसं समोर येतं : उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणारे ‘फ्रॅक’, ‘सम’, ‘बार’ असे शब्द. फ्रॅक म्हणजे अपूर्णांक, सम म्हणजे बेरीज, बार म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ. पहिल्यांदा बघताना डोळे फिरतात, पण हा साधा मजकूर आहे. कुठेही चिकटवा, कुठल्याही यंत्रावर न्या, तो मोडत नाही. वर्डच्या नव्या आवृत्तीत इक्वेशनची चौकट घालून, वरच्या पट्टीत लाटेक (सूत्रं टाइप करायची हीच पद्धत) निवडून तिथे हेच चिकटवलं आणि ‘कन्व्हर्ट’ दाबलं की सूत्र पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं. प्रत्येक सूत्राला ही कसरत नको, धडा सिंगलफाइलमध्ये आलेलाच आहे. ज्या पंधरा-वीस सूत्रांवर तुमचं काम चालणार आहे, तेवढ्यांसाठी करा.

भाऊरायांचं सॉफ्टवेअर. असतात तशी, एचटीट्रॅक आणि डब्ल्यूगेट ही त्यातली जुनी नावं, आणि साध्या उघड्या साइटवर ती छान चालतात. पण ती पानावरचा प्रत्येक दुवा पकडून पुढे जातात. तुमचा कोर्स लॉगिनच्या आत आहे. सॉफ्टवेअरला तुमची ओळख दिली नाही तर ते शंभर वेळा लॉगिनचंच पान उतरवून आणेल. ओळख दिली तर दुव्यांमागे पळता पळता ‘लॉगआउट’ हाही एक दुवाच आहे, त्यावरही ते इमानेइतबारे जाऊन येईल. त्यातून पार पडलंच, तरी आजकालचे धडे ब्राउझरमध्ये पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातच दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, भरले जातात. हाताला लागतो तो रिकामा सांगाडा. शिवाय मिनिटाला शेकडो पानं मागणारं खातं बघून समोरचा सर्व्हर हल्ला समजून खातंच गोठवू शकतो. १८ दिवस उरलेले असताना हा जुगार मी तरी खेळणार नाही. भावाला दुसरं काम द्या, ते पुढे सांगते.

चोरीचं म्हणाल, तर आधी कोर्सच्या वापराच्या अटी उघडून ‘डाउनलोड’ हा शब्द शोधा. काही कोर्स मुळातच मोकळे असतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ओपनकोर्सवेअर घ्या : २००१ मध्ये घोषणा झाली, आणि साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे. श्रेय देऊन, धंदा न करता वापरायला आणि वाटायलाही मुभा, तुम्ही काही बदल केलेत तर तेही त्याच परवान्याखाली वाटायचे, इतकंच. विकतच्या कोर्सच्या अटी कडक असतात, काही ठिकाणी साठवायला साफ मनाई असते, आणि देशोदेशीचे कायदेही वेगळे. स्वतः शिकलेल्या धड्याची टिपणं काढायला आणि कोर्सने डाउनलोडचं बटण देऊन ठेवलेल्या फाइली उतरवायला मात्र कुणाचीच हरकत नसते. माझी रेघ अशी आहे : कुलूप तोडायचं नाही आणि वाटायचं नाही. व्हिडिओला डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाचं, संरक्षण असेल तर ते फोडणारी साधनं शोधत फिरू नका. आणि साठवलेला धडा ‘फक्त ऑफिसच्या ग्रुपवर’ म्हणून टाकू नका, तिथून तो कुठे जातो ते आपल्या हातात नसतं. प्रश्नमंजुषेची उत्तरं तर कुणालाच देऊ नका, तुमच्या प्रमाणपत्रावर गदा यायची.

एक रस्ता लोक विसरतात. शिकवणाऱ्यांना सरळ लिहा : ‘माझा प्रवेश अमुक तारखेला संपतो, संदर्भासाठी स्लाइड मिळतील का?’ दोन ओळी पुरतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा फाइल आली आहे, एकदा तर सुधारलेली आवृत्ती आली.

आता १८ दिवसांचा हिशेब करू. तुमचे तीन आठवडे अजून शिकायचे आहेत, आणि खरी घाई त्यांची आहे. साठवण्याच्या नादात ते राहिले, तर न वाचलेल्या धड्यांचा ढीग तेवढा हाती लागेल. असले ढीग माझ्याकडे पुष्कळ आहेत, एकही मी परत उघडलेला नाही. म्हणून रोज शिकण्याची वेळ आधी ठेवा, साठवण्याला अर्धा तास. दहा ते बारा हे आठवडे शिकता शिकताच साठवत चला. झालेल्या नऊमधून मात्र निवड करा. सरासरी आणि मध्यक तुम्हाला आता पाठ असतील, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. त्या धड्याची पानं कशाला? जिथे तुम्ही अडखळला होता, जिथे शिकवणाऱ्याने स्वतःच्या पद्धतीने काही उलगडून सांगितलं, तेच धडे घ्या.

पहिल्या दोन दिवसांत जोडलेल्या फाइली उतरवून मोकळ्या व्हा : स्लाइडच्या पीडीएफ, सरावाचे डेटासेट, कोड असेल तर त्याच्या मूळ फाइली. या फाइलींचा नुसता दुवा जपून ठेवू नका. असे बरेच दुवे मुदतीचे असतात. त्यांच्या शेपटीला एक लांबलचक सांकेतिक मजकूर लावलेला असतो आणि काही वेळाने, कधी तासाभरातच, तो दुवा मरतो. ज्युपिटर नोटबुकमध्ये (कोड आणि टिपणं एकत्र लिहायची वही) सराव केला असेल तर फाइल मेनूतून मूळ नोटबुकच उतरवा. कोडचा स्क्रीनशॉट काढणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं, पुन्हा टाइप कोण करणार? तुम्ही स्वतः लिहिलेले स्वाध्याय आणि त्यांवर आलेले शेरेही विसरू नका, ते जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. प्रमाणपत्र मिळालं की त्याचीही पीडीएफ.

व्हिडिओ शेवटी. तासाभराचा व्हिडिओ शेकडो एमबी खातो आणि त्यात काही शोधता येत नाही. त्याच व्हिडिओचं लिखित रूप काही केबीत बसतं आणि त्यात शब्द टाकला की सापडतो. व्हिडिओखाली ‘ट्रान्सक्रिप्ट’ किंवा उपशीर्षकांची फाइल देत असतील तर ती घ्या. काही कोर्सच्या ॲपमध्ये व्हिडिओ ऑफलाइन बघायची सोय असते, पण ती प्रवासात बघण्यापुरती, प्रवेश संपल्यावर तिच्यावर भिस्त ठेवू नका. आणि सरकपट्टी ओढली की वक्र बदलतो अशा हलत्या आकृत्या असतील, तर त्या कुठल्याच उपायाने नीट साठत नाहीत. पट्टी दोन टोकांना नेऊन दोन चित्रं घ्या आणि खाली एक ओळ लिहा : नमुना वाढवला की वक्र अरुंद होतो. पुढे तीच ओळ कामाला येईल.

मराठी वाचकांसाठी जरा आडवळणाने एक. धडा देवनागरीत असेल तर पीडीएफवर फार विसंबू नका. अशी पीडीएफ दिसायला सुंदर असते, पण आत अक्षरांऐवजी त्यांच्या आकारांचा क्रम असतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. मग ‘विचलन’ शोधलंत तर पुष्कळदा सापडत नाही, आणि कॉपी केलंत तर भलतंच काही उमटतं. एचटीएमएल फाइलीत अक्षरं युनिकोडमध्ये जशीच्या तशी राहतात. वाचायला आणि खुणा करायला पीडीएफ, शोधायला एचटीएमएल, असं मी दोन्ही ठेवते.

नावं देताना आठवड्याचा आकडा पुढे, दोन अंकी : ०१, ०२ असं. नाहीतर काही ठिकाणी १० नंबरचा आठवडा एकच्या शेजारी येऊन बसतो. नाव आटोपशीर ठेवा, धड्याचं अख्खं शीर्षक नको. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की फाइल हलवताना अडते. प्रत्येक आठवड्याच्या फोल्डरात एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा. त्यात कोर्सचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव, मूळ पत्ता, उतरवल्याची तारीख, आणि तुमच्या शब्दांत पाच ओळी. तारीख कशाला विचाराल, तर उद्या अहवालात संदर्भ द्यायची वेळ आली आणि पान गायब असलं, तर तीच उपयोगी पडते. पानं गायब होतातच. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटने ३० जून २०१६ ला आपली जुनी यंत्रणा बंद केली तेव्हा कितीतरी कोर्स तिच्याबरोबर गेले. नंतर वाचायला म्हणून लोक ज्यात दुवे टाकून ठेवत, ते पॉकेट जुलै २०२५ मध्ये स्वतःच बंद पडलं. आणि जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनच्या भरवशावर राहू नका, लॉगिनच्या आतलं त्याला दिसत नाही.

सगळ्याच्या दोन प्रती. त्यातली एक या संगणकाबाहेर. यावर आणखी काही बोलत नाही.

राहिले ते ६०० स्क्रीनशॉट. ते भावाकडे द्या. त्याला सांगा, फक्त व्हिडिओतल्या फळ्याचे आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यांचे वेगळे काढ. तेवढेच कामाचे, कारण त्यांना दुसरं रूपच नाही. मजकुराचे स्क्रीनशॉट धड्याची फाइल हाती येईपर्यंत राहू देत, मग खुशाल पुसा. त्यांतून ओसीआरने अक्षरं ओळखून घ्यायच्या फंदात पडू नका. जिवंत पान अजून समोर आहे आणि सूत्रांपाशी ओसीआर हमखास ठेचकाळतं.

आज रात्री दहाव्या आठवड्याचा पहिला धडा वाचा, तळापर्यंत सरकवा, कप्पे उघडा, साठवा. मग वायफाय बंद करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. आकृती दिसल्या नाहीत तर मला लगेच लिहा, १८ दिवस संपायच्या आत. सही मात्र दुसरी करा.